कोर्लईपासून सुरुवात : ख्रिस्ती उपासना-संगीताची ध्वनिमुद्रणं मुलांसोबत ऐकताना



आनंददायी शनिवारी काय घ्यायचं हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच पडतो. मागच्या वर्षी मी तिसरी-चौथीच्या वर्गाला 'जगाचं संगीत' ऐकवायचं ठरवलं. पहिल्याच शनिवारी यूट्यूबवरून एक लॅटिन ग्रेगोरियन गायन लावलं. त्याआधी दोन मिनिटं भाषणही ठोकलं. हे हजार वर्षांपूर्वीचं आहे, चर्चमधलं आहे, पवित्र आहे, शांत बसा वगैरे. अर्ध्या मिनिटात मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली आणि एकाने विचारलंच, "बाई, कुणी मेलंय का?"

मला राग आला होता, पण चूक माझीच होती. ना ताल, ना ढोलकी, ना कळणारा शब्द, ना ओळखीचं गाव. असं काहीतरी मी मुलांसमोर एकदम टाकलं होतं. वर 'पवित्र आहे' असं सांगितल्यामुळे त्यांना ऐकण्याऐवजी फक्त गप्प बसायचं काम मिळालं. आपल्या मुलांचा कान तयार नाही असं नाही. सप्ताहात ती हरिपाठ म्हणतात, काकड्याला पहाटे उठतात, पालखीत टाळ धरतात, रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीचा गजर त्यांच्या पाठच असतो. कान भरपूर तयार आहे. मी त्याला चुकीच्या टोकाने हात घातला होता. पुढच्या वेळी मी नदीपासून सुरुवात केली.

आपली कुंडलिका कोलाडवरून रोह्याला जाते आणि पुढे रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. खाडीच्या एका अंगाला रेवदंडा-चौल, दुसऱ्या अंगाला कोर्लई. कोर्लईचा किल्ला सहलीत आपण सगळ्यांनीच चढलेला आहे. पायथ्याच्या गावात मात्र आपण वडापाव खाऊन परत फिरतो. त्या गावातली ख्रिस्ती वस्ती घरात एक वेगळीच भाषा बोलते. मूळ पोर्तुगीज, पण चारशे-पाचशे वर्षं मराठीच्या शेजारात राहून तिची घडण पार बदललेली. ती माणसं तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा किल्ला सोडला आणि तो मराठ्यांकडे आला. राज्य गेलं, सैन्य गेलं, पण भाषा चुलीपाशी टिकून राहिली. आज ती बोलणारे हजाराच्या आसपासच असतील. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, ते १९९६ साली निघालं.

आणि या गावाचा आवाज एका सीडीवर आहे! १९९८ साली पोर्तुगालमधल्या ट्रादिसोम या संस्थेने 'आवाजांचा प्रवास' अशा अर्थाच्या नावाची बारा सीडींची मालिका काढली. पोर्तुगीज जहाजं जिथे जिथे गेली तिथली गाणी त्यात गोळा केली आहेत. त्यातली एक सीडी दमण, दीव, कोचीन आणि कोर्लई यांची आहे. म्हणजे लिस्बनमधला माणूस आपल्या तालुक्याच्या शेजारचं गाव कानांनी ओळखतो आणि आपण ते वडापावच्या गाडीवरून ओळखतो! ही सगळी गाणी चर्चमधली नाहीत. घरातली, लग्नातली, खेळातलीही आहेत. पण कोर्लईच्या जुन्या गाण्यांत मग्दालीया मरियेच्या नावाचंही एक गाणं आहे. देवळातलं पात्र लोकगीतात सहज येऊन बसतं. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत विठू येतो, तसंच.

मुलांना मी आधी गाणं लावलंच नाही. फळ्यावर लिहिलं : बटाटा, चावी, घमेलं, पगार, बिजागरी. हे शब्द कुठून आले विचारल्यावर सगळे म्हणाले, "आपलेच आहेत बाई." हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेत म्हटल्यावर वर्गात जी गडबड झाली ती बघण्यासारखी होती. मग त्या लोकांची गाणी ऐकायला सगळे आपणहून पुढे सरकले. मागच्या शनिवारचा 'कुणी मेलंय का'वालाही पुढे आला होता.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिथेच या विषयाची खरी निकड आहे. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनला जी परिषद झाली, तिच्यानंतर जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये लॅटिनऐवजी त्या-त्या ठिकाणची भाषा आली. आपल्याकडे मराठी आली. हे चांगलंच झालं, लोकांना प्रार्थना कळू लागली. पण त्याचबरोबर पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेली लॅटिन आणि पोर्तुगीज गाणी रोजच्या वापरातून सुटली. ज्यांना ती पाठ होती ती माणसं आता म्हातारी आहेत. काही ठिकाणी आता ध्वनिमुद्रण हाच त्या गाण्याचा पत्ता उरला आहे. हे फक्त ख्रिस्ती गाण्यांचंच नाही. आपल्या गावातल्या धवल्यांचं काय झालं, सांगा बरं? लग्नात डीजे आला आणि धवलारीण घरी बसली.

आता ग्रेगोरियन गायनाकडे परत येते. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा भाषण नाही, फक्त एक प्रश्न : गाणारा श्वास कुठे घेतो? एवढंच ऐकायचं. हे गायन म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच चाल, वाद्य नाही, ठेका नाही. शब्द जसा पुढे सरकतो तशी चाल सरकते. आपल्या आलापात ताल नसतो, तसंच काहीसं. पण आलापात गायक मनाने फुलवत जातो आणि इथे चाल ठरलेली असते. त्यामुळे मला ते वेदपठणाच्या जास्त जवळचं वाटतं. मुलांना दुसरी गोष्ट कळली ती घुमण्याची. कुडा लेण्यांच्या सहलीत आत जाऊन सगळी ओरडली होती, ते आठवायला सांगितलं. दगडी उंच चर्चमध्ये एक सूर सोडला की तो काही सेकंद हवेत राहतो, पुढचा सूर त्याच्यावर जाऊन बसतो. म्हणून ती माणसं सावकाश गातात. घाई केली तर सगळा चिखल होईल. "म्हणजे भिंत पण गाते," एक मुलगी म्हणाली. मी हे वाक्य पाठ टाचणात लिहून ठेवलं आहे.

याच गायनातून पाश्चात्य संगीताच्या स्वरांची नावं आली, हे पालकांना सांगायला मला फार आवडतं. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाचा साधू होता, मुलांना गाणं शिकवायचा. म्हणजे आपल्यासारखाच मास्तर. योहानाच्या एका लॅटिन स्तोत्रात प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापेक्षा एक स्वर वरून सुरू होतो, त्या तुकड्यांची पहिली अक्षरं घेऊन त्याने नावं पाडली : उत्, रे, मी, फा, सोल, ला. पुढे 'उत्'चं 'दो' झालं, सातवं नाव नंतर जोडलं गेलं. आपलं सारेगम याच्या कितीतरी आधीचं आहे, तरी मास्तरची युक्ती म्हणून ग्विदोला दाद दिलीच पाहिजे. वर्गात काम सोपं व्हावं म्हणून केलेली गोष्ट हजार वर्षं टिकली.

पुढचा टप्पा अवघड आहे, म्हणून इथे जरा थांबते. सोळाव्या शतकातलं युरोपीय चर्चसंगीत म्हणजे अनेक चाली एकाच वेळी. इटलीतला पॅलेस्ट्रिना, इंग्लंडमधला टॅलिस ही मोठी नावं. टॅलिसची तर चाळीस वेगवेगळ्या आवाजांसाठी लिहिलेली एक रचना आहे. कोरसमध्ये चाळीस जण एकच चाल म्हणतात. इथे चाळीस जणांना चाळीस ओळी! आपला कान एका चालीमागे जाणारा. खाली सूर, बाजूला ताल आणि मध्ये एक गाणारा, ही आपली सवय. त्यामुळे असलं काही पहिल्यांदा ऐकलं की नुसता गोंगाट वाटतो. मलाही वाटला होता, खोटं कशाला बोलू.

यावर उपाय ऐकवण्याचा नाही, गाण्याचा आहे. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने सावकाश म्हणायचं : सा रे ग म प म ग रे, आणि परत पहिल्यापासून. पहिला गट 'ग'वर आला की दुसऱ्या गटाने 'सा'पासून तेच सुरू करायचं आणि दोघांनी आपापलं सोडायचं नाही. पेटीवर दोन बोटांनी तपासून बघा, जवळजवळ प्रत्येक वेळी दोन गोड जुळणारे स्वर एकत्र येतात आणि मध्येच दोन्ही गट एका स्वरावर भेटतात. माझ्या वर्गात पहिल्या तीन वेळा सगळे एकमेकांच्या मागे घसरले. चौथ्या वेळी जमलं आणि मग थांबवेना. त्यानंतर पॅलेस्ट्रिनाचा दोन मिनिटांचा तुकडा लावला आणि सांगितलं, सगळं ऐकू नका, सगळ्यात वरचा एक आवाज पकडा आणि त्याच्याच मागे जा. पुढच्या वेळी सगळ्यात खालचा. जत्रेत आईचा पदर धरून चालायचं असतं तसं. हे जमलं की गोंगाट आपोआप सुटा होतो.

ध्वनिमुद्रणाचीच एक गंमत मध्ये सांगते. १९०२ च्या एप्रिलमध्ये ग्रामोफोन कंपनीची माणसं रोमला व्हॅटिकनमध्ये यंत्र घेऊन गेली आणि पोपच्या सिस्टाइन गायकवृंदाचा आवाज त्यांनी तबकडीवर घेतला. त्यात आलेस्सांद्रो मोरेस्की नावाचा गायक होता. लहानपणी शस्त्रक्रिया करून मुलाचा आवाज कायम ठेवलेल्या गायकांच्या क्रूर परंपरेतला, ज्याचा एकट्याचा आवाज मुद्रित होऊन आपल्यापर्यंत पोचला असा हा शेवटचा. त्याच कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात होता आणि गौहर जानचं गाणं मुद्रित करत होता. एकाच वर्षात, एकाच कंपनीच्या कर्ण्यासमोर चर्चही आलं आणि कोठाही. (शस्त्रक्रियेचा भाग मी चौथीला सांगितला नाही, तुम्हीही सांगू नका.)

पूर्वेकडची ख्रिस्ती गायनं आपल्या मुलांना युरोपपेक्षा लवकर जवळची वाटतात, असा माझा अनुभव. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या गायनात एक गट खाली एकच सूर धरून बसतो आणि त्याच्यावर चाल फिरते. मुलं लगेच म्हणाली, "तंबोरा!" तिथे तंबोऱ्याचं काम माणसं करतात एवढाच फरक. केरळात तर सुरियानी भाषेतली गायनं आजही आहेत. सुरियानी ही येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्याच कुळातली. युरोपीय लोक इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली ख्रिस्ती परंपरा आपल्याच देशात आहे. फादर जोसेफ पालक्कल यांनी ही गाणी जमवण्यासाठी मोठं काम केलं आहे, त्यांची ध्वनिमुद्रणं शोधली की सापडतात. आणि इथिओपिया! तिथे मोठा ढोल, हातात खुळखुळणारं धातूचं वाद्य आणि लांब काठ्या घेऊन पुजारी मंडळी ओळीत उभी राहून डोलत गातात. सुरुवात अगदी संथ, मग हळूहळू चढत जातं. व्हिडिओ लावल्यावर वर्गातली निम्मी मुलं उठून पावली खेळायला लागली. मी थांबवलं नाही.

इथवर आले आणि सोमवारी एक पालक शाळेत आले. "बाई, पोरांना ही चर्चची गाणी कशाला हो? आपली काय कमी आहेत?" आवाज चढलेला नव्हता, पण चेहऱ्यावर काळजी होती. आपण शिक्षकांनी अशा वेळी चिडून उपयोग नाही, आणि घाबरूनही नाही. प्रश्न रास्त आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८ मध्येच आहे आणि ते माझ्या डोक्यात होतं. म्हणूनच मी कोणालाही हात जोडायला सांगितलं नाही, कुठलं स्तोत्र पाठ करून घेतलं नाही. माणसं काय गातात, कसं गातात, ते ऐकणं वेगळं आणि उपासना करवणं वेगळं. हे मी त्यांना सांगितलं खरं, पण त्यांचं समाधान शब्दांनी झालं नाही. ते भजनी मंडळात पखवाज वाजवतात हे मला माहीत होतं. म्हटलं, "दादा, पाच मिनिटं बसा, एक ढोल ऐका." इथिओपियाचं लावलं. ते मांडीवर बोटं वाजवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठेका ओढलाय ह्यांनी. पण हात सुटत नाय कुठे." गेले. त्यांना पटलं की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही, पण मुलाला त्यांनी शनिवारी घरी ठेवलं नाही.

आपल्या मराठीतलं तर अजून सांगायचंच आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण तिथे देवनागरीचे खिळे नव्हते. ओवी म्हटलं की ती गायची वस्तू, मुक्याने वाचायची नाही. ज्ञानोबांच्या ओवीचा साचा घेऊन परदेशी माणूस बायबल सांगतो, हे मोठ्या वर्गांना भाषेच्या तासालाही सांगता येईल. मात्र गोव्यातली धर्मांतरं आणि १५६० साली तिथे आलेलं इन्क्विझिशन हा दुखरा भाग आहे. सातवी-आठवीला शिकवताना तो गाळू नये. चांगलं गाणं आणि वाईट राज्य एकाच काळात असू शकतं, हे मुलांना झेपतं.

त्यानंतर तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'स्मृतिचित्रे' आपण वाचलेलं असतं, त्यातले टिळक आपल्याला माहीत असतात. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांसाठी भजनं लिहिली, कीर्तनं केली. तोवर मिशनऱ्यांची भाषांतरित गीतं विलायती चालीवर मराठी शब्द ओढूनताणून बसवलेली असायची. टिळकांनी अभंगाचा मार्ग धरला. 'उपासना संगीत' या पुस्तकातून ती गीतं आजही मंडळ्यांत म्हटली जातात. टाळ आणि पेटीवर म्हटलेलं त्यांचं एखादं भजन मुलांना ऐकवा आणि कोणाचं आहे ते नंतर सांगा. माझ्या वर्गाने ते सप्ताहातलंच आहे असं ठामपणे सांगितलं.

गोव्याचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे चर्चच्या शाळेत 'मेस्त्री' असायचा, म्हणजे गाणं शिकवणारा मास्तर. मुलं त्याच्याकडे स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकायची. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात गायचे मोटेट लॅटिन आणि कोकणीत गोव्यातच रचले गेले. अशा घरांतली पोरं पुढे मुंबईला आली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलेच. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालजींनी 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांचं नाव गाजवलं. आपण नाचतो त्या गाण्यामागे गावातल्या चर्चचा एक मास्तर उभा आहे.

ध्वनिमुद्रण निवडताना थोडं जपून. मेणबत्त्यांची चित्रं आणि 'तणावमुक्तीसाठी तीन तास' असली शीर्षकं दिसली की पुढे जा. त्यात बहुतेकदा सिंथेसायझरचा लेप असतो. गाणारे कोण, कुठे गायले, हे लिहिलेलं असेल ते घ्या. फार जुन्या रचनांच्या बाबतीत हेही लक्षात ठेवा की ध्वनिमुद्रण म्हणजे एक अंदाज असतो. हिल्डेगार्ड ही बाराव्या शतकातली जर्मन जोगीण. तिच्या रचना लिहिलेल्या सापडतात, पण किती लांबवायचं, ठेका होता का, हे त्या लिखाणात नाही. १९८० च्या दशकात गॉथिक व्हॉइसेस या गटाने तिची गाणी साध्या, जवळजवळ उघड्या आवाजात गायली. इतरांनी त्यांना ढोलही जोडले. दोन्ही ऐकवा, मुलं भांडतील, तेच तर हवंय. मला स्वतःला साधंच आवडतं. आणि मोबाईलचा स्पीकर नको. पॅलेस्ट्रिनाचा खालचा आवाज त्यातून येतच नाही, मुलांना दोष देऊ नका. दोन-तीन मिनिटांच्या वर लावू नका, पण तोच तुकडा परत परत लावा.

शेवटी माझी दुसरी चूक. धाटावच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या एका कुटुंबातली मुलगी वर्गात आहे, वर्गातली एकटीच ख्रिस्ती. उत्साहाच्या भरात मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "अगं, तुला येत असेल ना एखादं, म्हण की!" ती खाली बघायला लागली, कान लाल झाले. क्षणात तिला मी वर्गातली मुलगी न ठेवता नमुना करून टाकलं होतं. कृपा करून हे कोणी करू नका. तिला मी त्या दिवशी काहीच बोलले नाही, दुसऱ्या दिवशी मात्र एकटीला 'माझं चुकलं' म्हटलं.

पुढे महिन्याभराने, आपण सगळे डबे धुतो त्या नळापाशी, ती आपणहून आली. म्हणाली, "बाई, माझी आजी गुड फ्रायडेला एक म्हणते. मी तिला मोबाईलवर घेतलंय. पण मागे कोंबडा ओरडतोय, चालेल का?"

चालेल म्हटलं. येत्या शनिवारी तेच लावणार आहे, कोंबड्यासकट. वर्गात तिचं नाव घ्यायचं की नाही, ते तिनेच ठरवायचं आहे.